ताठ काठीची दोरी

भैरवगडचे राजे उदाजीराव यांनी मासे पकडायला गळाची विलायती काठी मागवली. काठी भलतीच ताठ. पिसांची खोटी माशी बांधून कितीही झोकली, तरी दोरी पायाशीच गोळा होई. पाहुण्यांपुढे फजिती होताच राजे काठी आणणाऱ्या मेहेरजीभाईंवर गरजले, "काठी वाकतच नाही! आजच राज्याबाहेर चालते व्हा!"

राणी गुणवंताबाईंनी दोरी बोटांवर तोलून पाहिली.

"काठी उत्तम आहे. अगदी आपल्यासारखी."

"म्हणजे?"

"हलक्याच्या सांगण्यानं वाकत नाही. जरा वजनदार दोरी लावून पाहा."

मेहेरजीभाईंनी जड दोरी ओवली. राजांनी झोकताच काठी कमानीसारखी वाकली आणि दोरी सळसळत थेट नदीच्या मध्यावर पडली.

राजे हसू लागले. "मेहेरजी, जाऊ नका. राणीसाहेबांसाठीही एक काठी मागवा!"