हौसाने मोरी बुजवली

चांदपेठच्या हौदाला वास यायला लागला! तलावातून पाणी आणणारा खापरी नळ आणि गावाचं सांडपाणी बाहेर नेणारं गटार, दोन्ही पणजोबांच्या काळातले, शेजारीशेजारी गेलेले आणि दोन्ही फुटलेले. गटारातलं नळात आणि नळातलं हौदात! खालच्या आळीत घरोघरी माणसं पोट धरून अंथरुणाला लागली.

त्यात हौसा कुंभारणीची सासूही होती. हौसा सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, नळ आणि गटार नवं घाला. नाहीतर गाव ओस पडेल."

रायाजीराजे मनाचे वाईट नव्हते, पण हट्टी. म्हणाले, "नळ खापराचे आणि कुंभारीण तू. म्हणजे धंदा तुझाच की!"

"धंदा आत्ताच जोरात आहे, सरकार. गेल्या महिन्यात मडकी फार खपली. तिरडीपुढं धरायची! ती विकून मला पैसे नकोत."

राजे चपापले, पण माघार घेतील तर ते रायाजीराजे कसले!

"सात हजारांचं काम आहे. वर्षभर सांगतोय, वर्गणी काढा. वरची आळी म्हणते, वास खालच्यांना येतो, त्यांनी द्यावेत. खालची म्हणते, घाण वरून येते, त्यांनी द्यावेत. आता तूच जमव! पण कुणाकडे मागायचं नाही, कुणावर जबरदस्ती करायची नाही आणि माझ्या खजिन्याला हात लावायचा नाही. आठ दिवसांत जमले नाहीत, तर तुझं चाक जप्त!"

कारभारी त्रिंबकपंत मिशीतल्या मिशीत हसले.

हौसा घरी आली ती तोंड पाडूनच. चाक गेलं तर खायचं काय? सासूला पेज पाजून ती भांडी घासायला मोरीत बसली. पाणी गुळगुळ करत भोकातून बाहेर चाललं होतं. हौसा थबकली. तिनं भोकावर तळहात दाबून धरला. पाणी मोरीभर झालं, उंबऱ्यापर्यंत आलं. हौसाला एकदम हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर चिकणमातीची पाटी, काखेत चिंध्यांचं गाठोडं आणि मागे राजवाड्यातला शिपाई. शिपाई तिनंच मागून घेतला होता. हौसानं पैसे मागितले असं उद्या कुणी म्हणायला नको!

पहिलं घर वरच्या आळीतल्या हिराशेट सराफांचं.

"शेटजी, तुमच्या घरचं सांडपाणी गटारात जातं का हो?"

हिराशेटनी ओळखलं, आली वर्गणीवाली! "छे, छे! आमचं सगळं पाणी परसातल्या केळींना. गटाराशी आमचा काय संबंध?"

"मग गटाराकडचं हे भोक तुम्हाला लागतच नसेल. बुजवू?"

शिपायादेखत आता नाही कसं म्हणणार! "बुजव की. खुशाल बुजव!"

हौसानं चिंध्यांचा बोळा कोंबला, वर मातीचा गोळा थापला आणि पुढचं घर गाठलं. तिथंही तेच उत्तर! वरची आळी झाली, खालची झाली. दुपारपर्यंत असं झालं, की चांदपेठेत गटारात पाणी सोडणारं एकही घर उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराशेट धोतराचा सोगा हातात धरून धावत आले. "अगं हौसा, चूल विझली! देवघरात पाणी शिरलं! काढ तो बोळा!"

"काढते की. पण पाणी फुटक्या गटारात जाईल, शेटजी."

"मग गटार नीट करा! किती देऊ?"

"मी काहीच मागत नाही बाई! हा शिपाई उभा आहे."

"अगं, तू मागू नकोस, मीच देतो ना!" हिराशेटनी रुपयांची थैली तिच्या रांजणात रिकामी केली. त्यांच्यामागं निम्मी आळी भिजल्या पायांनी उभी होती.

सहाव्या दिवशी मोजले, तर चार हजार. तीन हजार कमी! हौसानं पुन्हा पाटी डोक्यावर घेतली आणि राजवाड्याच्या मागच्या दाराशी गेली. "पंत, वाड्याचं पाणी गावाच्या गटारात येतं का?"

त्रिंबकपंतांनी नाक वर केलं. "वेडी की काय! राजवाडा कुठं आणि गावचं गटार कुठं!"

"तेवढं लिहून देता?"

पंतांनी तोऱ्यात लिहून दिलं, वर शिक्काही मारला.

सातव्या दिवशी राजे अभ्यंगस्नानाला बसले. दहा घंगाळी पाणी अंगावर घेतलं आणि बघतात तो पाणी घोट्यापर्यंत! चंदनाचा पाट तरंगायला लागला. मुदपाकखान्यातून आचारी ओरडत आला. राजे ओलेत्यानं गरजले, "कोण आहे रे तिकडं? त्या हौसाला आणा!"

हौसा आली. लवून मुजरा केला आणि कागद पुढं धरला. राजांनी वाचला. पंतांकडं पाहिलं. पंत जमिनीकडं पाहायला लागले.

"बोळा काढायला काय घेशील?" राजांनी विचारलं.

"काही नाही, सरकार. मागायचं नाही, असा हुकूम आहे."

"किती कमी पडतात?"

"तीन हजार. पण खजिन्याला हात लावायचीही मला मनाई आहे."

राजांनी कमरेची किल्ली काढून पंतांच्या अंगावर फेकली. "पंत, मोजा तीन हजार!"

"बघा हं, सरकार," हौसा म्हणाली, "मी हात लावला नाही. हात पंतांचा!"

राजे आधी गालात हसले, मग खदखदून हसले. इतके, की साचलेल्या पाण्यात घसरता घसरता वाचले! त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून तिला दिलं. "नळ-गटाराची देखरेख आजपासून तुझ्याकडे. आणखी काही हवं?"

"नवा नळ होईतो वाड्याच्या विहिरीचं पाणी खालच्या आळीला मिळावं, सरकार."

"दिलं! पंत स्वतः पखाली मोजून पाठवतील. पण बाई, आधी ती मोरी मोकळी कर. माझी एक खडाऊ मघाशीच मुदपाकखान्याकडं निघून गेली!"