खुणेचं झाड

“आणि झाड दिसला नाय तर?” बाबलकाकांनी विचारलं.

“झाड खंय जातला, काका?” आमचे हे हसून म्हणाले.

काकांनी लाँचची दोरी सोडली.

बाबलकाका आमच्या बंदरातल्या तरीचे, म्हणजे प्रवासी लाँचचे, तांडेल. तीस वर्षं लाँचचं सुकाणू त्यांच्या हातात होतं. दसऱ्यानंतर ते सोडणार होते. मग ते सत्यवानला मिळायचं की पलीकडच्या गावातल्या कुणाला, हे आज लाँच आत आणून दाखवण्यावर ठरायचं होतं. सत्यवान म्हणजे आमचे हे. लिहिताना नाव घेतलं तर चालतं म्हणे.

लग्नाला बावीस दिवस झाले होते. काकांनी मलाही बोलावलं होतं. जीव कुणाच्या हाती दिलाय ते सूनबाईला बघू दे, म्हणाले.

बंदर म्हणजे दोन डोंगरांनी ओंजळ धरावी तसं. आत पाणी इतकं शांत की तांबडी घार वरून गेली की खालूनही जाते. पण तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे आणि त्यातून वाट एकच, तीही अरुंद. ती डोळ्यांनी जुळवायची. काठच्या तिवरांतलं पांढरं झाड आणि त्याच्यामागे टेकडीवरच्या देवळाची दीपमाळ एका रेषेत आली, की नाक तिकडे धरायचं आणि सरळ आत.

हे मला पाठ होतं. घरी रोज चटईवर सराव चाले. तांब्या म्हणजे दीपमाळ, मिठाची बरणी म्हणजे झाड, आमटीची वाटी म्हणजे लाँच. एकदा मीठ हवं म्हणून मी बरणी उचलली, तर हे चिडले. खुणेचं झाड हलवायचं नसतं, म्हणाले. मी म्हटलं, झाडंही हलतात कधीकधी.

त्यांना ते नव्या नवरीचं बोलणं वाटलं.

दिवसभर हे बर्फाच्या कारखान्यात. लाँचवर शिकायला जात ते फक्त पहिल्या फेरीला, उजाडता उजाडता.

आज तरीच्या फेऱ्या बंद होत्या. दुपारचे चार वाजले होते, लाँचवर आम्ही तिघंच. बाहेर डॉल्फिन दिसले, तीन. यांनी बघितले नाहीत. ते काकांना वारा कुठून आहे ते सांगत होते. काका “हं” म्हणत होते.

मग लाँच आत यायला वळली.

तिवरं हिरवी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी. मधे एका वठलेल्या झाडावर चार-सहा पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. पांढरं झाड नव्हतं.

“खंय गेला?” काकांनी विचारलं.

“कोणीतरी तोडल्यान.”

“काल सकाळी होता मा?”

“होता.”

“हं...”

डावीकडे दांड्यावर फेस फुटत होता. लाट मागून ढकलत होती. यांनी एकदा दीपमाळेकडे पाहिलं, एकदा फेसाकडे. मी घावण्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला.

मग यांनी सुकाणू फिरवलं आणि लाँचचं नाक पुन्हा समुद्राकडे केलं.

“माका समजणा नाय, काका. मी आत नेत नाय.”

काकांनी खोल पाण्यात नांगर टाकायला लावला, माझ्याकडून डबा घेतला आणि घावणे खाल्ले. चार. चटणीत मीठ बेताचं आहे, म्हणाले.

हे एकही खाईनात.

ऊन उतरलं. शेतांकडून एक बगळा आला आणि तिवरांत बसला. मग दोन. मग थवाच. एकमेकांना ढकलत, भांडत, जागा धरत. एक झाड खालून वर पांढरं होत गेलं...

दीपमाळ बरोबर त्याच्यामागे होती.

यांचे कान लाल झाले.

काका माझ्याकडे वळले. “तुका म्हायत होता?”

मी मान डोलावली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीनं सासरी आले, तेव्हा ते अर्धं झाड उडताना मी पाहिलं होतं. हे तेव्हा दीपमाळ बघत होते.

“मगे सांगलंस नाय?”

“विचारल्यानीच नाय.”

काका इतके हसले की लाँच हलली. थोड्या वेळानं हेही हसले, आणि उरलेले दोन घावणे त्यांनी उभ्यानंच संपवले.

लाँच आत आणली ती यांनीच. सावकाश, सरळ. त्या झाडाकडे मात्र या वेळी नीट बघत होते, पाहुण्यांकडे बघावं तसं.

धक्क्याला लागल्यावर यांनी विचारलं, “म्हणजे... मी नापास?”

काकांनी इंजिनाची चावी यांच्या हातात ठेवली. चपला हातात घेतल्या आणि धक्क्यावर उतरले. दोन पायऱ्या चढून थांबले. मागे वळून त्यांनी त्या वठलेल्या झाडाकडे पाहिलं. पाणकावळ्यांची आता तिथे इतकी दाटी झाली होती की फांदी दिसत नव्हती.

“मी शिकत होतंय,” काका म्हणाले, “तेव्हा माझा झाड काळा होता.”