माळावरची हाक

एका माळरानाच्या कडेला एका शिकाऱ्याची झोपडी होती, आणि त्या झोपडीच्या अंगणात, बांबूच्या काड्यांच्या पिंजऱ्यात, एक तित्तर लहानाचा मोठा होत होता. तो अंड्यातून बाहेर आला तो शिकाऱ्याच्या हातातच, त्यामुळे आपल्याला आईबाप असतील हे त्याच्या मनातही कधी आले नव्हते. शिकारी त्याला रोज वारूळ फोडून वाळवी आणून घाली. अंगणात खुंटीला बांधलेली एक म्हातारी शेळी होती, तीच काय ती त्याची सोबत.

दिवसामासी पिल्लाची पिसे भरली, पायाला मागच्या बाजूने काट्यासारखी आरी फुटली, आणि एका सकाळी त्याच्या गळ्यातून आपोआप हाक निघाली, "कतीतर, कतीतर!" ती इतकी खणखणीत होती की त्याचा तोच दचकला. शिकारी झोपडीतून धावत आला आणि त्याने मूठभर वाळवी पिंजऱ्यात टाकली. मुलांनो, पहिल्याच हाकेला एवढे कौतुक झाल्यावर कोणाला आनंद होणार नाही? त्या दिवसापासून तित्तराला वाटू लागले की आपला जन्म या आवाजासाठीच झाला आहे.

मग शिकारी त्याला पहाटे माळावर नेऊ लागला. पिंजऱ्यावर एक जाड फडके टाकलेले असे. शिकारी पिंजरा बोरीच्या झुडपाखाली ठेवी, आजूबाजूला काहीतरी खुडबुड करी आणि दूर जाऊन बसे. तित्तर गळा ताणून हाक मारी. थोड्या वेळाने दुरून उत्तर येई, मग गवतात पावले वाजत, कधी पंखांची फडफड ऐकू येई, आणि मग सारे शांत होई. तित्तराला वाटे, आपले गाणे ऐकायला कोणी तरी येते आणि ऐकून निघून जाते. घरी परतल्यावर तो शेळीला विचारी, "आज माझा आवाज कसा लागला असेल, सांग बरं?" शेळी तोंडातला पाला चघळत राही.

एका सकाळी शिकारी पिंजरा ठेवून खुंट्या तोडायला ओढ्याकडे गेला. तित्तराने नेहमीसारखी हाक दिली, तेव्हा अगदी जवळून कोणी तरी विचारले, "तू या फडक्याच्या आत काय करतोस?"

ती त्याच्याच वयाची एक मादी होती. तित्तर म्हणाला, "हे माझं घर आहे."

"असलं कसलं घर? तू झोपतोस कुठे?"

"इथेच."

"आम्ही हिवराच्या फांदीवर झोपतो. काटे असतात ना, म्हणजे मुंगूस वर येत नाही. आणि धुळीत कधी लोळतोस?"

"धुळीत कशाला लोळायचं?"

ती हसली. धूळ उन्हाने तापली की तिच्यात अंग घोळवायला किती बरे वाटते, कुसळी गवतात दडून बसले की डोक्यावरून गेलेला ससाणासुद्धा आपल्याला कसा पाहत नाही, आणि थव्यात पंधरा जण आहेत तरी प्रत्येकाची हाक कशी वेगळी ओळखू येते, हे सारे तिने त्याला सांगितले. तित्तर फडक्याला डोके टेकवून ऐकत होता. इतके दिवस आपण नुसते ओरडत होतो, कोणाशी बोललो नव्हतो, हे त्याला पहिल्यांदाच जाणवले. इतक्यात ओढ्याकडून शिकाऱ्याची पावले वाजली.

जाता जाता ती म्हणाली, "उद्या पुन्हा हाक मार. मी येईन."

दुसऱ्या दिवशी तित्तराने जशी हाक मारली तशी त्याने आधी कधी मारली नव्हती आणि पुढेही कधी मारली नाही. ती आली. तिची पावले त्याला ओळखू आली. पण पिंजऱ्यापाशी पोचते न पोचते तोच ती जोरात फडफडली. त्याच वेळी वाऱ्याचा एक झोत आला आणि पिंजऱ्यावरचे फडके उडून बाजूला पडले. तित्तराने पाहिले, तर पिंजऱ्याभोवती जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येक खुंटीला घोड्याच्या केसांचा एकेक फासा होता, आणि एका फाशात तिचा पाय अडकला होता. पलीकडे आणखी दोन तित्तर आधीच अडकून थकून पडले होते.

ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "तू बोलावलंस म्हणून मी आले."

तित्तराने काड्यांवर डोके आपटून घेतले. शिकारी आला, त्याने तिघांचेही पंख बांधून त्यांना झोळीत टाकले, फडके उचलून झटकले आणि पिंजऱ्यावर पुन्हा घातले. मग आपल्या लाडक्या तित्तरापुढे त्याने वाळवी टाकली. तित्तराने त्या वाळवीला चोच लावली नाही.

घरी आल्यावर त्याने शेळीला विचारले, "झोळीतले पक्षी कुठे जातात?"

"बाजाराला."

"आणि परत कधी येतात?"

"मी तरी कोणाला परत आलेलं पाहिलं नाही," शेळी म्हणाली.

"तुला हे आधीपासून माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

शेळीने तोंडातला पाला गिळला. मग म्हणाली, "तू रोज विचारायचास, माझा आवाज कसा लागला. त्यावर काय सांगणार होते मी? आणि सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं का?"

त्या दिवसापासून तित्तर गप्प झाला. शिकाऱ्याने आधी जास्त वाळवी घालून पाहिली, मग उपाशी ठेवून पाहिले, मग अंगावर गार पाणी शिंपडले. तित्तराने तोंड उघडले नाही. महिन्याभरात त्याच्या अंगावर मांस राहिले नाही. तेव्हा शिकारी त्याला माळावर घेऊन गेला, पिंजऱ्याचे दार उघडले आणि पिंजरा उलटा करून झटकला. तित्तर खाली पडला. "मुका झाला, काय कामाचा," असे म्हणून शिकारी रिकामा पिंजरा घेऊन निघून गेला.

पिंजऱ्याबाहेरचे जग तित्तराला काहीच ठाऊक नव्हते. वारूळ दिसले तर ते फोडायचे कसे हे त्याला येईना. फांदीवर चढून बसला तर झोप लागताच खाली पडला. एकदा ससाण्याची सावली अंगावरून गेली, तेव्हा मादीचे बोलणे आठवून तो कुसळी गवतात दबकून बसला, म्हणून वाचला. हळूहळू त्याच्या पंखांत बळ आले. एका दुपारी पायवाटेवरच्या तापलेल्या धुळीत तो सहज लोळला, आणि ती म्हणाली होती तसेच त्याला बरे वाटले. मी तित्तर आहे, हे त्याला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले. ज्यांना आपण फाशात ओढले ते सारे आपलेच होते, हेही त्याला त्याच धुळीत बसून कळले. तो उठला आणि अंग न झटकताच निघून गेला.

काही दिवसांनी त्याला थवा भेटला. पंधरातले आता आठच उरले होते. त्यांच्यात एक म्हातारी मादी होती. नवा तित्तर हाडे वर आलेला, घाबरलेला आणि गप्प पाहून तिला त्याची दया आली. ती म्हणाली, "दुसऱ्या माळावरून आलास वाटतं, बाळा? तुझी माणसं कुठे आहेत?" तित्तराने नुसती मान हलवली. तिने जास्त विचारले नाही. वारुळाची बाजू कोठे मऊ असते ते तिने त्याला दाखवले, फांदीवर पाय कसे आवळून धरायचे ते शिकवले, झोपताना त्याला आपल्या शेजारी जागा दिली. तित्तर तिच्या पंखाच्या उबेला बसे, आणि आपण किती दिवस असे गप्प राहू शकू याचा विचार करी. तिला सारे सांगून टाकावे असे त्याला रोज वाटे. पण आजचा एक दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असे तो रोज ठरवी.

थंडी सरली आणि सकाळचे ऊन उबदार होऊ लागले. अशाच एका सकाळी सगळे चरत असताना तित्तराने मान उंच केली, आणि त्याला कळायच्या आत त्याच्या गळ्यातून हाक निघून गेली, "कतीतर, कतीतर!"

चरणारे सगळे जागच्या जागी थिजले. म्हातारी मादी सावकाश त्याच्यासमोर आली.

"हा आवाज मी ओळखते," ती म्हणाली. "या आवाजामागे माझी तीन पिल्लं गेली. शेवटची गेली तिला मी थांब म्हणत होते. ती म्हणाली, आई, तो एकटाच आहे गं, मी जाऊन येते."

तित्तराची मान खाली गेली. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "पिंजऱ्यावर फडकं असायचं. खरंच मला ठाऊक नव्हतं."

"असेल. नव्हतं ठाऊक तुला. पण इथे येऊन इतके दिवस माझ्याशेजारी झोपलास, तेव्हा तरी ठाऊक होतं ना?"

 कोणी त्याला चोच मारली नाही की हाकलले नाही. ते सगळे एकामागून एक वळले आणि गवतात निघून गेले. तो मागे गेला तर ते पुढे सरकत, तो थांबला तर तेही दूर थांबत. चार दिवस असे झाल्यावर त्याने मागे जाणे सोडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बोरीच्या झुडपाकडून एक नवी हाक आली. आवाज कोवळा होता पण गोड होता. तित्तराने उंचवट्यावरून पाहिले, तर खाली तोच पिंजरा होता आणि त्यावर तेच फडके होते. थवा त्या हाकेच्या दिशेने निघालाही होता. हा आवाज कोणाच्याच ओळखीचा नव्हता, म्हणून कोणाला संशय आला नाही. तित्तर धावत त्यांना आडवा गेला आणि म्हणाला, "जाऊ नका, तिथे फासे आहेत." त्याला पाहताच ते बाजूला झाले आणि दुसऱ्या वाटेने अधिकच घाईने पुढे निघाले.

तेव्हा तो झुडपामागून, फासे चुकवत पिंजऱ्यापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "बाळा, हाक मारू नकोस. तुझ्या हाकेने आलेले सगळे अडकतात आणि मरतात."

आतून उत्तर आले, "तू कोण?"

"तुझ्याआधी या पिंजऱ्यात मीच होतो."

"मग आता तुला माझा हेवा वाटत असणार," आतला पोर म्हणाला. "माझा आवाज ऐकायला लोक येतात. आजही येत आहेत, ऐक." आणि त्याने पुन्हा हाक दिली.

म्हातारी मादी सर्वांत पुढे होती. पहिल्या खुंटीपासून ती हातभर अंतरावर आली होती. तित्तराने तिला पाहिले. मग तो जवळच्या वारुळावर चढला आणि जीव खाऊन ओरडला, "कतीतर, कतीतर!"

तो आवाज कानावर पडताच म्हातारीने पाय मागे घेतला. "पुन्हा तोच!" ती ओरडली. "पळा इथून!" आठही पक्षी एकदम उडाले. टेकाडावरून जाताना एक तरुण नर म्हणाला, "आज तर उघड उघड फाशांपाशी उभा होता." म्हातारी म्हणाली, "तो आहे तोवर या माळावर राहायला नको." आणि थवा टेकाडापलीकडे दिसेनासा झाला. तुम्ही पळावे म्हणूनच मी हाक मारली, हे तित्तराला सांगायचे होते. पण ते सांगायलाही त्याच्यापाशी तोच एक आवाज होता.

फासे सगळे रिकामे होते. पिंजऱ्यातला पोर रडवेला होऊन म्हणाला, "माझी सकाळ नासवलीस तू." शिकाऱ्याची चाहूल लागली तसा तित्तर गवतात शिरला. शिकाऱ्याने खुंट्या उपटल्या, पिंजरा उचलला, फडक्याखाली हात घालून थोडी वाळवी टाकली आणि आतल्या पोराला चुचकारत म्हणाला, "तुझा काही दोष नाही. उद्या दुसऱ्या माळावर जाऊ." कोणत्या माळावर, ते काही तो बोलला नाही. तित्तर त्याच्या मागून पायवाटेच्या वळणापर्यंत गेला. पुढे उघडी जमीन होती, दडायला गवत नव्हते. तिथे तो थांबला, आणि शिकारी दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभा राहिला.

तात्पर्य : आपण कोण आहोत हे कळायला बाहेरचे जग पाहावे लागते; पण ते कळण्याआधी आपल्या हातून जे घडून गेले ते पुसता येत नाही, आणि नंतर केलेले भले कोणी ओळखेलच असेही नाही. तरीही ते करावे लागते.