धूम्रशृंगाचा मणी

एका राज्यात धूर ओकणारा पर्वत होता. नाव धूम्रशृंग. त्याच्या माथ्यावरचा अग्निमणी सुधन्वा राजाने लोभाने उचलून आणला, आणि त्या दिवसापासून राज्यावर राख पडू लागली. राख ज्याच्या अंगावर साचे, तो दगड होई. गुराखी झाले, सैनिक झाले, राजकन्या इरावती झाली. राजा कमरेपर्यंत दगड झाला, तेव्हा राणी शाल्मलीला म्हणाला, "मी आणला. तू परत ने."

राणी निघाली. पायथ्याशी एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "वाटेत तीन संकटे आहेत. काळ्या खडकावर थांबू नकोस. वाफेच्या दरीत कोणी हाक मारील, ओ देऊ नकोस. ओ देणारा पुढे चढत नाही. तिसरे मला ठाऊक नाही."

काळ्या खडकाने वहाणा जाळल्या, मग तळवे. राणी थांबली नाही. दरीत वाफ इतकी दाट, की स्वतःचा हात दिसेना. तिथे इरावतीची हाक आली.

"आई, मी इथे आहे. आई, थंडी वाजते गं."

राणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती चढत राहिली. हाक बराच वेळ मागे येत होती. मग थांबली.

माथ्यावर, उकळत्या कुंडाच्या काठी, एक मांत्रिक बसला होता. राणीने विचारले, "दरीत होती ती माया ना?"

"नाही. तुझी मुलगीच होती. ओ दिली असतीस, तर ती तुझ्याबरोबर घरी आली असती. बाकी राज्य दगडच राहिले असते."

"आत्ता मागे जाते. आत्ता ओ देते."

"आता तिथे कोणी नाही."

राणी खाली बसली. मणी तिच्या मुठीत होता. तो घेऊन ती परत जाऊ शकत होती. मांत्रिक अडवणार नव्हता. हेच तिसरे संकट. ती खालच्या राखाडी मुलखाकडे पाहत राहिली. मग उठली आणि मणी कुंडात टाकला.

राख थांबली. दगडांची माणसे झाली. राजा धावत पायथ्याशी आला.

"इरावती उठली नाही," तो म्हणाला.

"तिने मला हाका मारल्या," राणी म्हणाली. "मी ओ दिली नाही."

पर्वतावरचा खडाही कोणी उचलू नये, असा राजाने हुकूम काढला. त्या वर्षी राखेच्या जमिनीत भात असा पिकला की कोठारे पुरेनात. प्रजेने राणीच्या नावाने उत्सव मांडला. राणी आली, सुवासिनींकडून ओवाळून घेतले, लेकुरवाळ्यांना आशीर्वाद दिला, आणि लवकर महालात परतली.