बिजागरीपाशी सैल

गोष्ट अलीकडचीच आहे. रुग्णवाहिकांचं वायरिंग करणारे एक वस्ताद होते आणि त्यांच्या हाताखाली निवृत्ती नावाचा शिष्य होता. वस्तादांचं ज्ञान मोठं, स्वभाव मात्र जीव नकोसा करणारा. निवृत्तीने पक्कड उचलली की हे मागे उभे. त्याने जोड दिला की हे तो ओढून पाहणार, आणि गाडीला प्रत्यक्ष हात लावायची वेळ आली की "सर बाजूला" म्हणून स्वतःच बसणार. शिकवणाऱ्यांत हा दोष सर्रास आढळतो आणि गंमत म्हणजे तो त्यांना आपला गुण वाटतो.

एकदा मागच्या दाराचं वायरिंग निवृत्तीला मिळालं. ते पसंत पडलं तर यापुढच्या गाड्या त्याच्या एकट्याच्या हाती द्यायच्या, असं वस्ताद बोलून बसले होते. त्याने जीव ओतला. वायरींचा जुडगा टेबलावर सरळ अंथरला, चिकटपट्टी गच्च आवळून गुंडाळली, वरून जाड नळी चढवली. वस्ताद आले, पातं काढलं आणि सगळं वेष्टन उभं चिरून टाकलं.

निवृत्तीने निमूटपणे पुन्हा गुंडाळलं, या खेपेस आणखी घट्ट. वस्तादांनी पुन्हा चिरलं. आता त्याचं डोकं फिरलं. काय चुकलं ते सांगा, नाहीतर मी दुसरीकडे काम बघतो, असं त्याने तोंडावर सांगितलं.

वस्तादही वैतागलेलेच होते. त्यांनी त्याला दुरुस्तीला आलेल्या एका गाडीपाशी नेलं. तिच्या दारावरचा दिवा लागत नव्हता. बिजागरीपाशी वायरींवरचं वेष्टन मात्र नवंकोरं, ओरखडासुद्धा नव्हता. वस्तादांनी ते चिरलं. आत तांबं तुटलं होतं.

"टेबलावर वायर निजलेली असते. दारात तिला दिवसभर वाकावं लागतं," वस्ताद म्हणाले. "वेष्टन असतं ते पत्रा घासू नये, पाणी शिरू नये म्हणून. तू इतकं आवळलंस की तिला वाकायला जागाच राहिली नाही. मग सगळा ताण एकाच जागी येतो आणि ती आतल्या आत तुटते. बाहेरून बघणारा म्हणतो, वा, काय जपलंय. टोकं घट्ट बांध, बिजागरीपाशी सैल, वाकणारी जाळीची नळी घाल आणि थोडी वायर जास्त सोड."

निवृत्तीला पटलं. पटलं म्हणूनच त्याचा संताप जास्त झाला.

"वस्ताद, आजवर एकही दार तुम्ही मला बसवू दिलं नाहीत," तो म्हणाला. "बसवलं असतं, तर वाकणारी वायर मला दिसली असती. मला तुम्ही टेबलावरच गुंडाळून ठेवलंत."

चूक शिष्याची होती, पण ती कुठून आली हे वस्तादांना त्या क्षणी उमगलं. ते बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसले.

निवृत्तीने जाळी चढवली, दार एकट्याने बसवलं आणि ते उघडून, मिटून पाहू लागला. बिजागरी कुरकुरली की वस्तादांची पाठ ताठ होई, हात बाकाच्या कडेला जाई. उठायची ऊर्मी त्याला लांबूनही दिसत होती. पण ते उठले नाहीत, वळलेही नाहीत. काम संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

आपल्याही घरात असं फार जपलेलं कुणीतरी असतं. त्याच्यासाठी तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून बसणं आपल्याला जमेल का, ते ज्याचं त्याने पाहावं.