विझणारी पणती

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथले लोक अडचणीच्या दिवसांसाठी ज्वारी जमिनीच्या पोटात जपून ठेवत. खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंडावर दगड ठेवून चिखलाने लिंपून टाकायचं. या खड्ड्याला म्हणतात पेव.

पेव उघडण्याचा एक रिवाज होता. माणूस उतरण्याआधी दोरीला बांधून पेटती पणती आत सोडायची. ती धान्यापर्यंत जळत गेली, तरच माणसाने उतरायचं. पणती सोडण्याचं काम पिढ्यान् पिढ्या एकाच घराकडे होतं. आई गेल्यावर ते भागूकडे आलं. भागू अबोल होती. चारचौघांत बोलायची वेळ आली की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसे.

पुढे सात वर्षं शेतं चांगली पिकली आणि पेव उघडावंच लागलं नाही. पणती कशासाठी असते, हे लोक हळूहळू विसरून गेले. उजेडासाठीच असणार, दुसरं काय!

आठव्या वर्षी पाऊस आलाच नाही. घरोघरची मडकी रिकामी झाली, तेव्हा पाटलांनी पेव उघडायचं ठरवलं.

पेवात उतरायचा मान भागूच्या धाकट्या भावाचा, मल्हारीचा. तो अंगाने सडसडीत आणि जिभेने तिखट. नुकताच तो राजधानीतून परातीएवढा आरसा घेऊन आला होता. दगड बाजूला सारताच त्याने आरशावर ऊन घेतलं आणि पेवात फेकलं. काळोखा खड्डा क्षणात उजळला. आतला ज्वारीचा ढीग लख्ख दिसू लागला.

“बघा!” मल्हारी म्हणाला. “तेल नको, वात नको.”

लोक खूश झाले. मल्हारीने कमरेला दोर बांधला. इतक्यात भागू पणती घेऊन पुढे आली.

“अक्का, भर उन्हात पणती?” मल्हारी हसला. “वाट चुकलीस की काय? देऊळ तिकडे आहे.”

सगळे खो खो हसले. भागूचे कान तापले. तरी ती जागची हलली नाही.

“आधी ही सोडू दे,” ती हळूच म्हणाली.

“अगं, तुझी पणती फुंकरीनेही विझते. माझा आरसा विझतो का?”

“विझते म्हणूनच तर सोडायची.”

ते कुणालाच कळलं नाही. गर्दीतली एक बाई चिडून म्हणाली, “भागू, माझं पोर दोन दिवस उपाशी आहे. तुझ्या पणतीचे लाड पुरे झाले.”

भागूला त्या पोराचा सुकलेला चेहरा दिसला. मग भावाचे पाय दिसले. तो पेवाच्या तोंडावर बसला होता आणि पाय आत सोडले होते. तिने पदराचं टोक सोडून दिलं आणि त्याचा दंड घट्ट धरला.

“आई सांगायची, पणती विझली तर माणूस उतरवायचा नाही. मल्हारी, एकदाच. तुझ्या आरशाच्या उजेडात सगळ्यांनाच दिसेल की!”

मल्हारीने पाटलांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, “होऊ दे तिच्या मनासारखं. कितीसा वेळ लागतोय!”

भागूने दोरी सोडली. पणती हातभर खाली गेली, दोन हात गेली. मग ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि पटकन विझली.

“वाऱ्याने विझली असेल,” कुणीतरी म्हणालं.

“जमिनीच्या पोटात कुठला आलाय वारा?” भागू म्हणाली. तिने पणती पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. ती पुन्हा तिथेच विझली.

आता कुणी हसलं नाही. मल्हारीने हळूच पाय वर घेतले.

“आतली हवा मेलेली आहे,” पाटील हलक्या आवाजात म्हणाले. “ज्योत जगत नाही, तिथे माणूस कसा जगेल?”

मग सारं गाव कामाला लागलं. बायकांनी सुपं आणून पेवाच्या तोंडाशी वारा घातला. पुरुषांनी कडुलिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधला आणि दिवसभर पेवात खाली-वर केला. त्या दिवशी सगळ्यांनी पाल्याच्या भाजीवर भागवलं. चिडलेली बाईही सूप घेऊन भागूशेजारी उभी होती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तशी भागूने पुन्हा पणती सोडली. ती खाली खाली गेली आणि ज्वारीच्या ढिगावर टेकून शांतपणे जळत राहिली. मल्हारीने आरसा पाटलांच्या हाती दिला.

“पाटील, ऊन नीट धरा. आणि अक्का, तू पणतीवरून डोळा काढू नकोस. ती मिणमिणली की मला वर ओढा.”

तो उतरला. वरचा थर काळा पडला होता, पण खालची ज्वारी चांगली होती. पहिली पाटी वर आली, ती त्या उपाशी पोराच्या घरी गेली.

त्या दिवसापासून गावाने पेवासाठी आरसाही ठेवला आणि पणतीही. पाटलांनी आणखी एक नियम घातला. पणती सोडणाऱ्याने ती का सोडतात, हे आधी सगळ्यांना मोठ्याने सांगायचं. पहिल्या खेपेला सांगताना भागूचा आवाज कापला. दुसऱ्या खेपेला तो पार मागच्या रांगेपर्यंत पोहोचला.

तात्पर्य : नवं साधन आनंदाने घ्यावं, पण जुनं टाकण्याआधी ते कोणतं काम करत होतं, हे नीट समजून घ्यावं.