रिकाम्या डब्याची भीती

भंगारातले रंगाच्या स्प्रेचे डबे ठेचताना एक फुटला आणि कौसाबाईचा डोळा गेला. डबे गॅस काढून पाठवा, एवढंच सांगायला ती ते डबे भंगारात देणाऱ्या कारखान्यात गेली.

तिथले मॅनेजर सरनाईकसाहेबांनी कागद फडकावला. “तपासणी झालीय. सगळे डबे रिकामे आहेत. रिकामा डबा फुटत नसतो, बाई!”

कौसाबाईने पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला आणि हातोडा उगारला. साहेब खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकले.

“घाबरू नका, ह्याला मी भोक पाडून आणलंय. तुमच्या कागदावर माझा विश्वास नव्हताच, साहेब. तुमचाही नाही, हे आज कळलं.”

पण साहेबांना उघडं पाडून डब्यातला गॅस थोडाच निघतो? घरी दारात डब्यांची नवी पोती येऊन पडली होती. उरलेला डोळा घट्ट मिटून कौसाबाईने पहिल्या डब्यावर हातोडा घातला.